चाकामागचा दगड

नव्वदच्या दशकात आणे घाट अरुंद होता आणि आमचा ट्रॅक्टर तो कधी एका दमात चढला नाही. मागे मळणी यंत्र जोडलेलं असलं की त्याला दोनदा तरी धाप लागायची. मग मी मडगार्डवरून उडी मारायची आणि चाकामागे दगड लावायचा. नवरा ड्रायव्हर, मी ब्रेक. लग्न ठरवताना हे कुणी बोललं नव्हतं.

सासरे जेवणाचा डबा घेऊन मोटारसायकलवर मागून यायचे. कायम अर्धा तास उशिरा. आमची मळणीची घाई आणि यांचा चहा सुटत नाही, असं मी मनात म्हणायचे.

त्या सकाळी दाट धुकं होतं. दगड लावला, ट्रॅक्टरनं ओढ घेतली तशी मी धावत जाऊन चढले. दोन वळणं पुढे समोरून एक मोटारसायकल धुक्यातून एकदम अंगावर आल्यासारखी निघून गेली आणि मला आठवलं. दगड रस्त्यातच राहिला होता. मागून सासरे येणार होते.

“अहो, थांबवा! दगड तसाच ऱ्हायलाय.”

“इथं थांबलो तर परत चढायचा न्हाई. समदेच टाकून जात्यात. काढील कुणीतरी.”

मी उडी टाकली आणि उताराला पळत सुटले. चार पावलांपुढचं दिसत नव्हतं. खालून गाडीचा आवाज येत होता. “मामा, थांबा!” म्हणून ओरडत होते. मग गाडीचा आवाज एकदम बंद झाला. एवढी भीती मला बाळंतपणातही वाटली नव्हती.

पोचले तर गाडी कडेला उभी, आणि सासरे वाकून तोच दगड गटारात ढकलत होते.

“मामा, लागलं न्हाई ना?”

“मला कशाला लागतंय? तुमी कुठं कुठं थांबता, ठावं हाय मला. गाडी घेतल्यापास्नं हेच तर करतोय. खाली एक काढला, हा दुसरा.”

खालचा तर मला आठवलाही नव्हता.

“आन् गाडी घ्यायच्या आधी?” मी विचारलं.

सासऱ्यांनी किक मारली. “बस मागं,” म्हणाले.

गाडी त्यांनी आदल्या वर्षीच घेतली होती. त्याआधी चार सुग्या दगड मीच लावले होते आणि तिथंच टाकले होते. तेव्हाही आमच्या मागून माणसं येतच होती, फक्त ती आमची नव्हती.