गाणं बंद, बिल्टी मंद

इंदुताई रामटेकेंना कोणी म्हातारी म्हटलं असतं तर त्या हसून मोकळ्या झाल्या असत्या. पण हळू? हा शब्द त्यांना जन्मात कोणी लावला नव्हता. महाल भागातल्या एका गल्लीत मनोहररावांचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे, तिथे त्या वीसेक वर्षं बिल्टी करत आल्या. माल कोणाचा, कुठे चालला, भाडं किती, हे ज्या कागदावर असतं ती बिल्टी. ती हातात पडल्याशिवाय ट्रकवाला गाडी हलवत नाही. आधी कार्बन घालून हाताने, मग कॉम्प्युटरवर, पण इंदुताईंच्या खिडकीवर कोणाला ताटकळत उभं राहावं लागलं नाही.

सकाळी कोराडीहून बसने येऊन ऑफिसचं कुलूप त्याच उघडत. दुपारपर्यंत त्या एकट्याच. मशीन सुरू केली की आधी बारीक आवाजात भीमगीतं लावायची आणि मग कामाला हात घालायचा, हा त्यांचा नेम होता.

दिवाळीनंतर नवीन मशीन आली. ऑफिसचं सगळं काम त्या एका मशीनमध्ये, आणि संध्याकाळी गर्दीच्या वेळी उघडणाऱ्या बाजूच्या दोन खिडक्याही तिलाच जोडलेल्या. नव्या नवरीचं कौतुक करावं तसं मनोहररावांनी त्याच दिवशी फर्मान काढलं, "इच्यावर गाणी-बिणी लावायची नाही. लोड येते."

इंदुताईंनी गाणं बंद केलं. आणि बिल्टी रेंगाळायला लागली. बटण दाबायचं आणि पडद्याकडे बघत बसायचं. समोर ड्रायव्हर जांभया देणार, हॉर्न वाजवणार. संध्याकाळी त्याच खुर्चीत मनोहररावांचा भाचा पियूष बसे, त्याची बिल्टी मात्र फटाफट निघे. मशीन एकच, खुर्ची एकच, मग फरक कशात? माणसात. हा हिशेब कोणीही केला असता, मनोहररावांनीही केला.

नाही म्हणायला मशीन दाखवली होती. प्रताप नगरहून स्कूटीवर येणारी श्वेता ऑफिसचे कॉम्प्युटर सांभाळते. ती दोनदा आली, आपला तपासणीचा प्रोग्राम लावला, तो चालू असतानाच दोन-चार बिल्ट्या काढून पाहिल्या.

"काकू, मशीन तर मस्त चालून राहिली," ती म्हणाली. "काहीच खराबी नाही."

पोरगी खरंच बोलत होती, पण इंदुताईंच्या काळजात चर्र झालं. खराबी मशीनमध्ये नाही, मग ती कोणात आहे हे सांगायला कोणी लागत नाही. घरी जाऊन त्या गरम पाण्यात बोटं बुडवून बसू लागल्या. टीव्ही पाहता पाहता मांडीवर बोटं चालवून सराव करू लागल्या. आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी, दुसरं काय! पण त्या बिचारीला काय ठाऊक. बोटं दुखायला लागली, बिल्टी होती तिथेच राहिली.

मार्च लागला तसे मनोहरराव त्यांच्याजवळ येऊन बसले. "ताई, एप्रिलपासून खिडकी पियूषले देऊ म्हणतो. तुमी मागं बसून फायली पाहा. या वयात काहून तरास करून घेता?"

गोड बोलून माणसाला अडगळीत ठेवणं ते हेच. याच्यापेक्षा चार शिव्या बऱ्या. इंदुताई "बरं" म्हणाल्या आणि घरी येऊन रडल्या. पगार कमी होणार नव्हता. खिडकी जाणार होती, आणि वीस वर्षांचं नाव.

मार्चच्या शेवटी एका सकाळी त्या एकट्या बसल्या होत्या. मनात आलं, जायचंच आहे तर एकदा आपलं गाणं ऐकून जाऊ. कोण येतंय बघायला? त्यांनी गाणं लावलं. पहिल्या कडव्यात ड्रायव्हर आला. इंदुताईंनी बटण दाबलं आणि सवयीने पाण्याचा पेला उचलला, तो तोंडाला लागायच्या आत बिल्टी बाहेर.

त्यांनी पेला खाली ठेवला. दुसरी बिल्टी, तशीच. मग गाणं बंद करून तिसरी केली. मशीन पुन्हा रेंगाळली. पुन्हा गाणं, पुन्हा झरझर. इंदुताईंनी श्वेताला फोन लावला. "हासू नको वं. पण माझ्या गाण्यावर ही मशीन चालून राहिली."

श्वेता हसली नाही. ती आली आणि या खेपेला मशीनला हातच लावला नाही, मागे स्टूल घेऊन बसली. "तुम्ही करा, मी पाहते." गाणं नसताना काय होतं आणि असताना काय, ते तिने डोळ्यांनी पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"काकू, याचा प्रोसेसर झोपून राहिला," ती म्हणाली. "वीज वाचवायची सेटिंग आहे. जरा काम थांबलं की हा गाढ झोपते. गिऱ्हाईक दिसलं नाही की शटर पाडायचं, आलं की वर करायचं, तसं. एका बिल्टीत हजारदा पाडते अन् हजारदा उचलते. संध्याकाळी गर्दीत त्याले झोपायले वेळच नाही भेटत. सकाळी तुमचं गाणं त्याले जागं ठेवत होतं. अन् मी शहाणी तपासायले आली, की माझा प्रोग्रामच त्याले जागं करत होता!"

तिने मशीन बंद करून चालू केली, आतल्या सेटिंगमध्ये गेली, गाढ झोप बंद केली आणि नुसती डुलकी राहू दिली. मग गाणं न लावता इंदुताईंनी बटण दाबलं. कागद लगेच हातात आला. त्यांनी तो छातीशी धरला आणि त्यांच्या डोळ्यांना धार लागली. बोटं शाबूत होती, अगदी पहिल्यासारखी.

दुपारी मनोहरराव आले. श्वेताने सगळं सांगितलं, त्यांनी स्वतः दोन बिल्ट्या काढून पाहिल्या आणि मान खाली घातली. "चुकलं ताई माझं. खिडकी तुमचीच." मग काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी श्वेताला विचारलं, "म्हणजे आता मशीनले गाणं नाही लागत?"

"नाही लागत."

"मशीनले नसन लागत," इंदुताई म्हणाल्या. "मले लागते."

आणि मालकांच्या देखत त्यांनी गाणं लावलं, नेहमीपेक्षा जरा मोठ्याने. मनोहररावांनी स्टूल ओढलं आणि ते ऐकत बसले.