चेंडू टाकायची नोकरी

राहुरीच्या स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर माझी आणि अण्णाची रोज गाठ पडते. तो इतका उंच, की पत्र्याखाली वाकूनच शिरतो. बाकावर टेकला की हात पुढे करून म्हणतो, "पास!" मग बिस्किटाचा पुडा त्याच्याकडे फेकायचा. हातात दिलेला तो घेत नाही.

बास्केटबॉल खेळायचा पगार घेणारा आमच्या भागातला तो पहिलाच. साखर कारखान्यानं त्याला नावापुरतं वजनकाट्यावर घेतलं होतं. खरं काम कारखान्याच्या संघातून खेळायचं. लोक हसायचे, "जाळीत चेंडू टाकायचा पगार? लई भारी नोकरी!" पुढे गुडघा गेला आणि खेळ संपला. मस्तीत उडी मारली नि पडला, असं सगळे सांगतात. त्यांना ते मीच सांगितलं होतं. त्याच संघात मी राखीव खेळाडू होतो.

परवा टपरीवाल्यानं डिवचलं, "अण्णा, मस्ती नडली बगा तुमाला!"

तो नेहमीसारखा हसला. मला मात्र राहवलं नाही.

"मस्ती नव्हती ती," मी म्हणालो. "सरावात हा उडी मारताना मीच मुद्दाम धक्का दिला. मला याची जागा हवी होती."

त्यानं गुडघा चोळला.

"जागा घेतलीस, पर येक बास्केट न्हाई झाली तुज्याच्यानं," तो म्हणाला. मग टपरीवाल्याकडे वळला. "ऐकलंस न्हवं? आता मस्ती म्हनू नको." आणि हात पुढे केला. "पास!"

पुडा द्यायला मी उठलो, तसा त्यानं हात मागे घेतला.

"बस जागेवर. फेक."