खरडआत्याची परीक्षा

कुणी नवी नेमप्लेट हातात दिली, की वाचायच्या आधी ती नखाने खरडून बघायची, म्हणून कारखान्यांतली माणसं तिला खरडआत्या म्हणत. खरडून झालं की थिनरचा बोळा फिरवायचा, आणि तरीही अक्षर टिकलं तरच मान हलवायची. छापलेल्या अक्षरावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. अ‍ॅसिडने पत्र्यात खोल उतरवलेलं, रंग भरलेलं, चारी कोपऱ्यांना रिव्हेट ठोकून बसवलेलं, तेवढंच खरं. बाकी सगळी तोंडावरची पावडर.

याला कारण होतं. तिचा नवरा गोदामात कामाला होता. दोन टनांची पाटी असलेल्या साखळी-कप्पीने दीड टनाचं यंत्र उचलताना साखळी तुटली आणि तो खाली सापडला. ती पाटी उचकटली तेव्हा तिच्याखाली जुनी पाटी निघाली, एक टनाची. दुधाने तोंड पोळलेला ताक फुंकून पितो. आत्या साधं पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागली. पाट्यांचा हा छोटा कारखाना तिने त्याच रागातून काढला. खोटी पाटी आपल्या हातून जाता कामा नये, एवढा एकच हट्ट. गिऱ्हाइकाच्या इतक्या चौकशा करायची, की निम्मे लोक चहा संपायच्या आत पळायचे.

भाच्याची चौकशी मात्र तिने कधी केली नाही. भावाचा हा मुलगा तिच्याच हाताखाली वाढला, शहाणा झाला. आता कारखाना त्याच्यावर सोपवायचा म्हणून तिने दारासाठी नवी पाटी केली होती. त्याचं नाव स्वतः पितळेत उतरवून, फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली होती.

अशात भाच्याने एक कप्पीवाला आणला. त्याला हवे होते स्टिकर, निम्मे एक टनाचे, निम्मे दोन टनांचे, मापाने अगदी सारखे. आत्या म्हणाली, वजन उचलणाऱ्या यंत्राला कोरीव पाटीच हवी, तेलाने स्टिकर पुसले जातात. तो म्हणाला, घाई आहे. वर सहज पुस्ती जोडली, की मागचा गोंद जरा हलका ठेवा.

हलका गोंद कुणाला लागतो? काढणाऱ्याला. तपासणीला एक टनाचं लेबल, विकताना दोन टनांचं. आत्याच्या मनात पाल चुकचुकली, पण पुरावा कुठे होता? भाचा वैतागला. तुझ्या संशयापायी एक दिवस इथे कुलूप लागेल, म्हणाला.

आत्याने काम घेतलं. भाचा दुसरीकडे माल पोचवायला गेला तेव्हा तिने एक टनाची लेबलं वेगळ्याच कागदावर छापली. हा कागद चिकटतो मुकाट्याने, पण सोलायला गेलं की त्याच्या चिंध्या होतात. सरळ माणूस लेबल लावतो आणि विसरतो. त्याला हे कळणारही नाही. आता कोण बोंबलत येतं ते बघू, असं म्हणून ती वाट बघत बसली.

लेबलं नेल्यावर कप्पीवाला एकदा येऊन गेला. हसला, चहा प्यायला, लेबलांबद्दल अवाक्षर काढलं नाही. आत्याला स्वतःचीच लाज वाटली. आपलंच मन किडकं, उगाच भल्या माणसाला चोर ठरवलं. भाच्याचंच बरोबर होतं. दुपारी जेवायला बसताना तिने कपाटातली पाटी काढून मांडीवर घेतली. जेवण झालं की द्यायची.

भाचा भात कालवता कालवता म्हणाला, "आत्या, त्या एक टनाच्या लेबलांचा कागद बदललास का? काढताना चिंध्या होतात."

आत्याने ताट बाजूला सारलं.

"तुला काढायची वेळ का आली?"

भाच्याच्या तोंडून हळूहळू सगळं बाहेर पडलं. तपासणी झाली की लेबलं बदलून द्यायचं काम त्याने स्वतःच अंगावर घेतलं होतं. सगळेच करतात, म्हणाला. कप्पी काय लगेच तुटते?

"या घरातल्या माणसावर तुटलीय," आत्या म्हणाली. "ज्या कप्प्यांना दोन टनांची लावलीस, त्या सगळ्या दाखव. आत्ताच्या आत्ता."

तो हात धुवायला उठला. सगळ्या जगाला खरडून पाहिलं, एवढा एक सोडून. आत्याने मांडीवरचं फडकं सोडलं आणि त्याच्या नावावर जोरात नख ओढलं. अक्षराला ओरखडासुद्धा उठला नाही. तिनेच ते इतकं खोल उतरवलं होतं.