वर उचललेला हात

बाळांनो, आजोबांनी लढाईत काय पराक्रम केला, असं तुम्ही काल फोनवर विचारलंत. त्यांना आता फारसं आठवत नाही, म्हणून मीच लिहिते.

आज दुपारच्या चहाला टीव्हीवर एका शहरावर बॉम्ब पडताना दाखवत होते. कुणी सेनापती हसत सांगत होता, "काहीच शिल्लक ठेवणार नाही." आजोबांनी कप खाली ठेवला आणि उघडा तळवा वर उचलला. तोफा थांबवायची ती त्यांची जुनी खूण.

"अहो, कुणाला थांबवताय?"

"खाली चुली पेटल्यात, दिसत नाही का तुला?"

लढाईत एका पहाटे समोरच्या गावातून शत्रूचा मारा चालू असताना चुलींचा धूर बघून त्यांनी असाच हात उचलला होता. गाव वाचलं. पण तेवढ्या वेळात शत्रूच्या गोळ्यानं त्यांचा सुभेदार गेला. वरिष्ठांनी जाब विचारला तेव्हा ते म्हणाले, "हुकूम माझा होता." सुभेदाराच्या आईपुढे जाऊनही तेच म्हणाले. त्या माउलीनं त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही.

थांबण्याचीही किंमत असते, आणि ती दुसऱ्याच्या मुलानं मोजली होती. आता थांबतच नाही कुणी. एवढी घरं पडतात, पण हुकूम माझा होता, असं म्हणणारा एक माणूस पडद्यावर दिसत नाही. कसलं जग तुमच्या हाती देऊन चाललोय आम्ही!

चहा निवला. दुखेल म्हणून मी त्यांचा हात खाली घेतला. त्यांनी तो पुन्हा वर केला.

ते गाव अजून आहे.