हिरव्या पाकिटावरची तारीख

तैवानमधल्या शिंचूच्या त्या कारखान्यात फांग युएचिनची नजर म्हणजे शेवटचा शब्द होता. कृत्रिम नीलमण्याची काचेसारखी पातळ चकती दिव्याखाली तिरकी धरायची आणि चरा शोधायचा, हे काम तिने सव्वीस वर्षं डोळ्यांत तेल घालून केलं. या चकतीवरच पुढे प्रकाश देणारा थर चढवतात. खाली केसाएवढा चरा राहिला, तरी तो वरच्या थरात दोष होऊन उतरतो आणि दिवा वर्षभरात मंदावतो. वर कितीही कारागिरी करा, पाया खोटा तो खोटाच.

यंदा दिवे मंदावल्याच्या तक्रारी आल्या आणि युएचिनला कारण लगेच कळलं. वर्षभर तिला सगळं धुक्यातून दिसत होतं. सांगितलं असतं तर त्याच दिवशी खुर्ची गेली असती, आणि घरी आई अंथरुणाला खिळलेली. ती पेट्यांवर शिक्के मारत राहिली.

इंजिनियर ल्याओने भट्टी तपासली, वायू तपासला, पॉलिशचं यंत्र खोलून पाहिलं. काही सापडेना. मग त्याची नजर गेली यंत्रावरच्या खोबऱ्याच्या खाऊच्या हिरव्या पाकिटावर. हसू नका. यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून आमच्याकडे ते ठेवतातच. हिरवंच लागतं, आणि मुदत संपलेलं बिलकूल चालत नाही. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

पाकिटं बदलायचं काम सफाईवाल्या थ्येनकाकांचं.

"काका, जुनंच ठेवून दिलंत ना?"

"नाही साहेब, गेल्याच महिन्यात बदललंय."

"शाई पुसटलीय, मला तारीख लागत नाही. युएचिनताई, तुमची नजर घारीची. तुम्ही सांगा."

तिने पाकीट हातात घेतलं. नुसते काळे ठिपके. वाचता येत नाही म्हणावं, तर आपलंच बिंग फुटणार.

"संपलीय," ती म्हणाली. "मार्चमध्येच."

काका म्हणजे कंत्राटी माणूस. ल्याओने पाकीट कचऱ्यात टाकलं आणि काकांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

दुपारी काका तिच्या टेबलाशी आले. कचऱ्यातलं पाकीट त्यांनी खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं, अगदी ती चकती धरायची तसं.

"पुढच्या वर्षीचा जून आहे, पोरी. कधीपासून दिसत नाही?"

युएचिनला रडू फुटलं. स्वतःची इतकी लाज तिला कधी वाटली नव्हती. "मी आत्ता वर जाऊन सांगते, काका. तुम्ही थांबा."

"माझं राहू दे. त्या चकत्या अजून पुढे चालल्यात, त्यांचं बघ."

ल्याओच्या टेबलावर तिच्या शिक्क्याची चकत्यांची पेटी रवाना व्हायला तयार होती.

"ही पाठवू नका," ती म्हणाली.

"का? काय झालं?"

"मी तपासलीय."

ल्याओ आधी हसला. मग तिच्या डोळ्यांकडे बघतच राहिला.

त्या संध्याकाळी युएचिनचं आणि काकांचं, दोघांची ओळखपत्रं दारावर जमा झाली. काकांना परत बोलवायचं कुणाला सुचलंच नाही. यंत्रावर मात्र नवं हिरवं पाकीट आलं.