आत्याची मोटरसायकल, बाबांच्या नावावर

हसत हसत शब्द द्यायची माझ्या बाबांना भारी सवय. म्हणजे उद्या फिरवला, तर "अगं, मी गंमत करत होतो" म्हणायला मोकळे! आत्यालाही त्यांनी तसाच शब्द दिला. आमच्याच घरी, जेवताना, आईच्या आणि माझ्या देखत.

विषय होता बाबांच्या तरुणपणीच्या जपानी मोटरसायकलचा. दोन सिलिंडरची ती गाडी आमच्या इमारतीमागे ताडपत्रीखाली वर्षानुवर्षं गंजत पडली होती. आत्या म्हणाली, "दादा, मी करते तिला नीट. पण झाली की माझ्या नावावर करशील?"

बाबा हसले. "ने गं, भंगारच आहे ते. झालीच चालू, तर तुझीच समज."

आत्याला तीच गाडी का हवी होती, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. गाडी नवी असताना ही कायम मागच्या सीटवर. "एकदा तरी चालवू दे ना" म्हटलं की बाबांचं उत्तर ठरलेलं, "ते तुझं काम नाही." आता पन्नाशी उलटल्यावर तिला ती गाडी चालवायची होती, पुढे बसून, स्वतःच्या नावावर. एवढंच. राजवाडा मागितला नव्हता बाईने!

आत्या खोटे दात बनवते. दातांचे डॉक्टर तिच्याकडे जबड्यांचे साचे पाठवतात, ती कवळ्या करून देते. आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत ती एकटी राहते, आणि पुढच्या खोलीत कामाचं टेबल. त्या टेबलाच्या एका टोकाला कवळ्या आणि दुसऱ्या टोकाला कार्बोरेटर, असा संसार तीन-चार वर्षं चालला. पेट्रोलची टाकी पलंगाखाली, सायलेन्सर न्हाणीघरात. मी एकदा चहाचा कप ठेवायला जागा शोधत होते, तर म्हणते, "पिस्टनशेजारी ठेव, पण सांडलास तर खबरदार!"

सुरुवातीला तिनेही गोंधळ घातला. इंजिनाचे स्क्रू साध्या फुलीच्या स्क्रूड्रायव्हरने खोलायला गेली आणि दोन-तीन स्क्रूंची डोकी पार गुळगुळीत करून बसली. जुन्या जपानी स्क्रूंची खाच दिसते तशीच, पण असते जराशी वेगळी. हे कळल्यावर तिने कवळ्या घासायच्या मशीनवर स्क्रूड्रायव्हरचं टोक बेतशीर घासलं, आणि पुढचे सगळे स्क्रू सुरळीत निघाले. कवळ्या साफ करायच्या यंत्रात तिने कार्बोरेटरची बारीक भोकं साफ केली. बाजूच्या झाकणाचा मूळ पांढरा रंग जुळवायला तर दातांच्या छटांची पट्टी घेऊन बसली. "कुठल्या म्हाताऱ्याचा दात बसवतेयस?" म्हणून मी चिडवलं, तर इतकी हसली की पट्टी हातातून पडली.

अखेर एका सकाळी गल्लीत किक मारली. दोनदा नुसती फुसफुसली, तिसऱ्यांदा निळा धूर सोडत धडधडायला लागली. आत्याच्या डोळ्यांना धारा. म्हणाली, धूर गेला डोळ्यांत. धूर कसला डोंबलाचा!

आणि नेमके तेव्हाच बाबा हजर. गाडीभोवती फिरले, सीटवर थाप मारली, आरशात स्वतःचं तोंड पाहिलं. मग म्हणाले, "जुन्या गाड्यांचं प्रदर्शन आहे, तेवढ्यापुरती नेतो. ते झालं की नावाचं बघू. शेवटी कागदावर तर मीच आहे ना?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तोंड उघडणार, तोच आत्याने माझा हात दाबला. "जाऊ दे गं. दोन दिवसांचा प्रश्न आहे." मुकाट्याने किल्ली दिली. तिचा हा 'जाऊ दे' म्हणजे माझ्या डोक्याला ताप. जन्मभर सगळं जाऊच देत आलीय!

प्रदर्शनात बाबा गाडीला टेकून उभे. जो येईल त्याला ऐकवत होते, "काय सांगू, जिवाचं रान केलं. एकेक स्क्रू हाताने लावलाय." कोणाच्या हाताने, ते नाही सांगितलं! आत्या तिथेच होती, समोर. एका गृहस्थांनी तिच्या हातात फोन ठेवला. "ताई, आमचा यांच्याबरोबर एक फोटो काढता?" आणि तिने काढला. वर "जरा डावीकडे सरका" म्हणून नीट काढला हो! मी रागाने बाहेर जाऊन उभी राहिले.

पण बाबांचा खरा पराक्रम आम्हाला नंतर कळला. आत्याने सगळं इंजिन लख्ख केलं होतं, फक्त एका बाजूची बोटभर पट्टी तशीच मळकट ठेवून वर चिकटपट्टी लावली होती. कारण तिथे इंजिनाचा नंबर ठोकलेला होता. तो नंबर कागदावरच्या नंबराशी जुळला, तरच गाडी कायद्याने गाडी. बाबांना वाटलं, बाईमाणसाचं काम, एवढं राहूनच गेलं! प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी त्यांनी चिकटपट्टी काढली आणि पॉलिशवाल्याकडे गाडी नेऊन ती पट्टी आरशासारखी करून आणली. बहिणीला एक फोन करून विचारायचं? छे! कमीपणा आला असता ना.

मग गाडीचे कागद नवे करायला गेले. वाहन कार्यालयातल्या साहेबांनी इंजिनावर बॅटरी मारली, बोट फिरवलं आणि विचारलं, "नंबर कुठाय?" बाबांनी ती चकचकीत पट्टी दाखवली. साहेब म्हणाले, "ही गाडी तुमची कशावरून? नंबर खोडलेली गाडी रस्त्यावर येणार नाही. नावावर करणं तर विसराच." चोराला विचारावं तसं विचारलं म्हणे. बाबांना त्याचंच वाईट वाटलं. गाडीचं नव्हे, आत्याचं तर नाहीच.

त्याच रविवारी बाबांनी टेम्पोतून गाडी आत्याच्या दारात उतरवली. टेम्पोवाल्याला परत पाठवलं सुद्धा! मी तिथेच होते. बाबा उदार चेहरा करून म्हणाले, "घे गं. मी शब्दाचा पक्का आहे. आजपासून गाडी तुझी." आणि मग खालच्या आवाजात कार्यालयातली सगळी हकिगत.

आत्या खाली वाकली. जिथे नंबर होता तिथे अंगठा फिरवला, एकदा, मग पुन्हा. मला वाटलं, आता हिचं 'जाऊ दे' येणार, आणि आज मी ते मुळीच ऐकून घेणार नव्हते.

"घेऊन जा," आत्या म्हणाली.

"अगं, तुलाच देतोय ना!"

"देत नाहीयेस, दादा. टाकतोयस." तिचा आवाज इतका चढला की समोरच्या खिडक्या उघडल्या. "द्यायची होती तेव्हा तुला फोटो काढून घ्यायचे होते. तुझ्या मागे बसले, तुझे फोटो काढले. आता तू बिघडवलेलंही मीच सांभाळू? नेऊन ठेव तुझ्या ताडपत्रीखाली!"

 उभ्या आयुष्यात तिला बाबांवर ओरडताना मी ऐकलं नव्हतं. ती आत गेली आणि टेबलाशी बसून तिने कवळी हातात घेतली. तिने कवळी पुन्हा खाली ठेवली.

गल्ली चढाची आहे. बाबांनी हँडल धरलं, जोर लावला, गाडी हातभर पुढे गेली आणि थांबली. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. "जरा मागून हात लाव गं."

"ते माझं काम नाही, बाबा," मी म्हटलं, आणि आत्याजवळ जाऊन बसले.