सुधारणा क्रमांक एकोणीस

मंगळवारी सकाळी सव्वासहा वाजता माझे साडू गेले. आदल्या दिवशी त्यांनी फोन करून मला सांगितलं होतं की मोहन्याच्या अलीकडे रस्ता खणला आहे, तेव्हा रविवारचं रद्द.

रस्त्यांवर चिडणारी माणसं आपल्याकडे घरोघरी आहेत. पण रस्त्यानं आपला व्यक्तिशः अपमान केला असं मानून त्याच्याशी अबोला धरणारा माणूस माझ्या पाहण्यात हा एकच. डोंबिवलीत त्यांच्या घरापासून स्टेशनकडे जाणारा रस्ता काँक्रीटचा झाला आणि गटारांची झाकणं वीतभर वर राहिली, तेव्हापासून साडूंनी त्या रस्त्यावर पाऊल टाकलं नाही. दोन सोसायट्यांच्या मधल्या बोळातून वळसा घालून जायचे. मी म्हटलं, "अहो साडू, रस्त्याला काय कळतंय?" तर म्हणाले, "त्याला नाही कळत, पण मला कळतंय ना!"

उभं आयुष्य त्यांनी एका कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून नकाशे काढले. निवृत्त झाले त्या महिन्यात गिअरची सायकल घेतली, आणि मी कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालो तेव्हा मलाही एक घ्यायला लावली. आपण दोघांनी एक फेरी मारायची, असं त्यांनी जाहीर केलं. डोंबिवलीहून कल्याणला माझ्याकडे, तिथून शहाड, मोहने, टिटवाळा, गोवेली, मग बारवी धरणाच्या बाजूचे डोंगर चढून बदलापुरात उतरायचं आणि काटईवरून घरी. गेलेला रस्ता परत लागता कामा नये. निसर्ग डाव्या हाताला हवा. "उजवीकडे निसर्ग असला की मध्ये ट्रक येतो," हे त्यांचं म्हणणं मला आजही खोडून काढता आलेलं नाही. मी एकदा फोनवरचा नकाशा पुढे केला, तर असे भडकले की हातातला चहा बशीत सांडला. "फोनला चढ कळतो? फोनला कधी दम लागलाय?"

तेव्हा त्यांनी सगळी फेरी आधी एसटीनं पाहिली. कल्याणच्या स्टँडवरून मुरबाडची गाडी पकडायची, डावीकडची खिडकी धरायची आणि मांडीवर वही. खिडकी मिळाली नाही तर ड्रायव्हरच्या मागे उभं राहून विचारायचं, "मास्तर, हा चढ कितव्या गिअरवर काढता?" एकदा कंडक्टर वैतागून म्हणाला, "काका, तुम्ही तिकीट बसायचं काढलंय की परीक्षा घ्यायचं?" साडू शांतपणे म्हणाले, "बसायचंच. पण जागा कुठाय?" प्रत्येक फाट्यावर उतरून टपरीवर चहा घ्यायचा, गावातल्या माणसाला अंतर विचारायचं आणि घरी येऊन ते ट्रेसिंग पेपरवर चढवायचं आणि पुढच्या खेपेला तो कागद बरोबर नेऊन पडताळायचं. चढ लाल, सावली हिरवी, कुत्री काळ्या ठिपक्यांनी. ठिपका जितका मोठा तितकं कुत्रं तापट. खाली कोपऱ्यात कारखान्यातल्यासारखी चौकट असे: तयार केले, तपासले, सुधारणा क्रमांक. नकाशा बदलला की तो आकडा एकानं वाढायचा.

या सुधारणेनंच आमचा घात केला. दर शनिवारी संध्याकाळी फोन यायचा, "साडू, उद्याचं रद्द." कधी पाइपासाठी रस्ता उकरलेला असायचा, आणि मग नळाला पाणी नसताना पाइप कशाला, यावर अर्धा तास. कधी एखादं वळण नापास झालेलं असायचं. माझी बायको तोवर तिखटमिठाच्या पुऱ्या तळून बसलेली. त्या आम्ही रविवारी घरात बसून खायचो. तिची थोरली बहीण, म्हणजे साडूंची बायको, एकदा मला म्हणाली, "भाऊजी, मला टिटवाळ्याला जायचंय हे मी यांना सांगितलं ती माझी चूक. हे रस्ता ठरवेपर्यंत गणपतीच मला भेटायला येईल."

दोन वर्षांत आम्ही एकदाच बाहेर पडलो, तेही चाचणी म्हणून, मलंगगडाच्या रस्त्याला. पहिल्याच चढाला माझी छाती भात्यासारखी चालायला लागली. मी गिअर नीट पडत नाही असं म्हणालो. साडू खाली उतरले आणि रस्त्याकडेच्या एका झाडाकडे बघत पंधरा मिनिटं उभे राहिले. कसलं झाड आहे म्हणून विचारलं, तर म्हणाले, "काय माहीत! पण बघण्यासारखं आहे." तिथूनच आम्ही परत फिरलो. त्या आठवड्यात नवा नकाशा निघाला.

शेवटचा फोन आला तेव्हा सोमवारच होता. आता शनिवारची वाट बघण्याइतकाही धीर त्यांना राहिला नव्हता, असं वाटून मी उखडलो. आयुष्यात मोठ्यानं बोललो नाही असा मी माणूस, पण त्या दिवशी म्हणालो, "साडू, तुम्हाला जायचंच नाहीये. तुम्हाला नुसत्या रेघा मारायला आवडतात." पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "चढ अजून जमलेला नाही हो." मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी ते गेले. भेटायला येणाऱ्यांपैकी एक गृहस्थ चहा पिता पिता म्हणाले, "एका अर्थी बरं, सायकलवर असताना काही झालं नाही." मी विचारलं, "बरं कसं?" त्यांना वाटलं मला नीट ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी तेच वाक्य आणखी मोठ्यानं म्हटलं. मी उठून गॅलरीत गेलो. तिथे साडूंची सायकल होती, आणि तिचे टायर नवे होते. याचाही मला राग आला.

तेराव्यानंतर मेव्हणीबाईंनी नकाशांची सगळी गुंडाळी माझ्या हातात दिली. "घेऊन जा. या घरात माझ्यापेक्षा याला जास्त जागा होती." पुढच्या रविवारी मी एकटाच कल्याणहून निघालो. श्रद्धांजली वगैरे काही मनात नव्हतं. बघा, जाता येतं की नाही, हे त्यांना दाखवायचं होतं. मोहन्याला रस्ता खणलेला होता, पण सायकल हातात धरून पार व्हायला दोन मिनिटं पुरली. टिटवाळ्याच्या पुढे मोठ्या ठिपक्याच्या जागी मोठ्या ठिपक्याचं कुत्रं निघालं. धापा टाकत गोवेलीच्या नाक्यावर पोचलो आणि टपरीवर बसून नकाशे उघडले.

टपरीवाल्या बाईंनी वाकून पाहिलं. "ह्यो कागद त्या डोंबिवलीच्या काकांचा ना? वहीवाले? कुठं हायेत? लय दिवस नाय आले."

मी सांगितलं. बाईंनी गॅस बारीक केला. जरा वेळानं म्हणाल्या, "मग तुमी त्यांचे साडू का?"

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"दर टायमाला तेच इचारायचे ना. ह्या डोंगरातून कमी चढाची वाट हाय का. आमच्या साडूंना चढ झेपत नाय, म्हनायचे."

"मला?" मी जवळजवळ ओरडलोच. "मला झेपत नाही?"

"मी म्हनलं, काका, मग त्यांना नका आनू, तुमी एकले जा. तर माझ्यावरच डाफरले. म्हनले, एकटं जायचं असतं तर कवाच गेलो नसतो? आनि त्यांना सांगू नकोस, मानी मानूस हाय."

मी एकामागून एक कागद बाकावर पसरले. पहिल्या नकाशात लाल रेघ बारवीच्या डोंगरावरून सरळ गेली होती. पुढच्या प्रत्येक सुधारणेत ती थोडी तुटत, बाजूला सरकत, लहान होत गेली होती. एकोणिसाव्या नकाशात ती जेमतेम बोटाच्या पेराएवढी उरली होती, आणि तिच्याही शेजारी पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं: इथे झाड बघावे.

भांडायला जावं तर माणूस नाही. बाईंनी पैसे घेतले नाहीत. मी बारवीच्या दिशेनं निघालो आणि चढ जिथं सुरू होतो तिथून थोडा पुढे जाऊन उतरलो. डाव्या हाताला डोंगर होता. झाडं बरीच होती. त्यांतलं कुठलं बघायचं ते लिहिलेलं नव्हतं.

नकाशे आता माझ्याकडे आहेत. चढ होता तिथंच आहे. तो मला झेपत नाही.